काटोलच्या बागेतून संत्र्याचं लाकूड

शुक्रवार

नागपूरला संत्रानगरी म्हणतात. 2014 साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, संत्रा बर्फीचे डबे रेल्वे स्टेशनवरून देशभर जातात. पण संत्र्याच्या लाकडाची वस्तू या शहरातल्या किती घरांत असेल? फळ देऊन थकलेलं झाड उपटलं जातं आणि सरळ चुलीत जातं. लेथवर लाकूड कातणाऱ्या माणसाच्या मनाला हे फार लागतं. संत्र्याचं लाकूड पिवळसर, घट्ट आणि बारीक पोताचं असतं. धारदार पटाशी नीट लावली की ते असं गुळगुळीत निघतं की पॉलिश पेपरला फारसं काम उरत नाही. म्हणून काटोलच्या पुढच्या एका गावातून ओळखीच्या काकांचा निरोप आला की जुनी बाग काढतोय, लाकूड पाहिजे तर या, तेव्हा भाच्याला फोन करून शनिवार-रविवार मोकळा ठेवायला सांगितला आणि ट्रॉली बाहेर काढली.

ट्रॉली म्हणजे ट्रॅक्टरची मोठी नव्हे. बोलेरोच्या मागे लागणारी, दोन चाकांची, सहा फूट बाय चार फुटांची. हिंगण्याच्या एका वर्कशॉपमधून बनवून घेतली आहे. तिचं स्वतःचं वजन दोनशे किलो, वर पाचशे किलो माल चालतो. पूर्वी मी भाड्याने छोटा हत्ती नेत असे. त्यात अडचण भाड्याची नव्हती, घाईची होती. गाडीवाल्याला दुसरी फेरी गाठायची असते, मग ओंडके पटापट कापून आखूड करायचे आणि फेकायचे. ओल्या लाकडाचा सगळ्यात मोठा घात इथेच होतो. ओंडका तोंडांकडून सुकतो, तडे तोंडांपासून आत शिरतात, आणि दोन्ही बाजूंचे चार-पाच इंच तरी वाया जातात असं धरूनच चालावं लागतं. दीड फुटाच्या तुकड्यात मग हाती काय राहतं? तोच ओंडका पाच फुटांचा ठेवला तर नुकसान तेवढंच, पण मधलं चार फूट लाकूड शाबूत. स्वतःची ट्रॉली असण्याचा खरा फायदा हा आहे: लाकूड लांब ठेवता येतं. ती जीपपासून सोडून बागेत उभी करता येते, रात्रभर तिथेच राहू देता येते, आणि तिचा पाटा जमिनीपासून जेमतेम 55 सेंटिमीटर उंच असल्याने हमाल न बोलावता दोघांना ओंडके चढवता येतात.

आजचा दिवस तिच्या सेवेत गेला. चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवली, बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं. टायरमधली हवा बघितली. उन्हात महिनोन्‌महिने उभ्या ट्रॉलीचे टायर झिजत नाहीत, पण बाजूच्या भिंतींना चिरा पडतात, आणि त्या भरल्या वजनाखाली फुटतात. म्हणून चिरा शोधायला बॅटरी लावून बसलो. जोडणीचा 50 मिलिमीटरचा बॉल, त्याची चाप, दिव्यांचा प्लग, नोंदणीची कागदपत्रं. ट्रॉलीची नोंदणी जीपपेक्षा वेगळी असते, हे पुष्कळांच्या गावी नसतं. सुरक्षा साखळ्या जोडणीच्या खालून फुलीच्या आकारात लावायच्या, म्हणजे बॉल निसटलाच तर दांडी रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत राहते.

संध्याकाळी इतवारीत जाऊन पॅराफिन मेण, जुनी बारदानं आणि नवे रॅचेट पट्टे आणले.

शनिवार

सकाळी सहाला निघालो. काटोल नाक्यावरून बाहेर पडलं की गोरेवाड्याचं जंगल उजेडात येत होतं. फेटरी, मग कळमेश्वर. रिकामी ट्रॉली भरलेलीपेक्षा जास्त उड्या मारते, त्यामुळे खड्डे दिसतील तिथे वेग कमी ठेवावा लागला. कळमेश्वरला चहा आणि सांबारवडी. पुढे रस्त्याच्या कडेला पळस पेटलेले होते, आणि काटोल जवळ आलं तशी बागांमधून फुलांचा वास यायला लागला. आंबिया बहाराची, म्हणजे थंडीच्या शेवटी येणाऱ्या बहाराची, फुलं फेब्रुवारीतच येतात. त्याच वेळी काही बागांत मृग बहाराची, म्हणजे गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला आलेल्या बहाराची, फळं तोडणं चालू होतं, क्रेटच्या थप्प्या रस्त्यावर लागल्या होत्या. फुलं आणि फळं दोन्ही एकाच रस्त्यावर दिसतात ते याच दिवसांत.

काकांच्या शेताकडे जाणारी पांदण कोरडी होती, पण बागेत ठिबकचं पाणी शेजारच्या ओळींना चालू होतं. काळ्या मातीत पाणी मुरलेलं असलं की वरून कोरडी दिसते आणि चाक टेकलं की धरते. जीप आणि ट्रॉली धुऱ्यावरच, शेताच्या कडेच्या कडक जमिनीवर ठेवली. ओंडके बागेतून तिथपर्यंत आणणं कष्टाचं आहे, पण फसलेली भरली ट्रॉली ओढून काढणं त्याहून कितीतरी वाईट.

जेसीबीने झाडं मुळासकट काढून आडवी टाकली होती. पंचवीसेक वर्षांची बाग, निम्म्याहून जास्त झाडांना डिंक्या. बुंध्याच्या सालीतून डिंक गळतो, साल कुजते, झाड वरून वाळत येतं. हा रोग मातीतल्या बुरशीचा, पाणी साचलं की बळावणारा. भारी काळ्या जमिनीत निचरा कमी, म्हणून इकडे त्याचा त्रास फार. काकांनी बागेकडे हात केला.

"भाऊ, दोन वर्षं औषध पाजलं. मग म्हटलं, आता हिले कायले तरास देता. यंदा काढूनच टाकली."

"आणि लाकूड?"

"आजवर त सारं चुलीतच गेलं. तुम्ही म्हणता कटोरे बनते, त पाहा बनवून."

मी सगळी रांग चालून आलो. इथे घाई केली तर घरी जाऊन पस्तावावं लागतं. संत्र्याच्या झाडाला खोड असं फार नसतंच. जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर फांद्या फुटतात. जाड फांद्या बघून मोह होतो, पण आडव्या वाढलेल्या फांदीत ताण असतो, तिचा गाभा मधोमध नसून एका बाजूला सरकलेला असतो, आणि कातून ठेवलेली वाटी महिन्याभरात वेडीवाकडी होते. फांद्या मी सोडून दिल्या. सरळ उभी खोडं, 25 सेंटिमीटर व्यासाच्या आसपासची, तेवढीच खडूने खुणावली.

मुळासकट उपटलेल्या झाडात एक गोष्ट मिळते जी कुऱ्हाडीने तोडलेल्यात मिळत नाही. नागपुरी संत्र्याची कलमं बहुतेक जंबेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बसवून केलेली असतात. जमिनीपासून वीतभर उंचीवर तो जोड असतो, जुन्या झाडात तिथे गाठीसारखा फुगवटा दिसतो. कुऱ्हाड त्याच्या वर चालते आणि जोड जमिनीतच राहतो. इथे तो अख्खा हातात आला होता. एक खोड त्या जागी उभं चिरून पाहिलं. खाली जंबेरीच्या रेषा सरळ वर येत होत्या आणि जोडापाशी वळून, एकमेकींत घुसून, वर संत्र्याच्या झाल्या होत्या. एकाच वाटीत दोन झाडांचं लाकूड! भाच्याने त्या जागेवरून कितीदा अंगठा फिरवला. अशी जोडाची खोडं मी आधी बाजूला काढली, मग बाकीची.

कटर मशीन चालवण्यापूर्वी प्रत्येक खोडाची माती लोखंडी ब्रशने झाडली. मुळांच्या बाजूला सालीत काळी माती आणि बारीक खडे रुतलेले असतात, एका खड्याने साखळीची धार जाते. कापताना खोड जेवढं लांब मिळेल तेवढं ठेवलं: खाली मुळांचा थोडा भाग, वर फांद्यांच्या बेचक्यापर्यंत. काप पडला की मिनिटभरात तोंडावर ओल चमकते आणि दुपारच्या पश्चिमेच्या वाऱ्याने तासाभरात ती चमक जाते. म्हणून भाचा एका हाताने खोडं ओढत होता आणि मी मागोमाग तोंडांना मेण लावत होतो. मेण काकूंच्या चुलीवर, पण थेट आचेवर नाही. पाण्याच्या पातेल्यात मेणाचा डबा ठेवून. पॅराफिन साठेक अंशांच्या आतच वितळतं, आणि उघड्या आगीवर तापलं तर पेट घेतं. रुंद ब्रशने जाड थर द्यायचा, तोंडावर आणि सालीवरही दोन बोटं. लाकूड ओलं असताना मेण धरतं का, असं विचारतात. तोंड फडक्याने पुसून गरम मेण लावलं तर चांगलं धरतं.

दुपारी काकूंनी ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा वाढला. पानावर बसलो असताना काकांनी विहिरीजवळच्या एका जुन्या आंब्याकडे बोट दाखवलं. अर्धा वाळलेला, बुंधा दोन माणसांच्या कवेतला. "हा बी नेता का?" मी नाही म्हटलं आणि कारण सांगितलं. आंबा, साग, मोह, चिंच, जांभूळ, बीजा, हळदू, खैर ही झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या शेतात असली तरी तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. संत्रा त्या यादीत नाही, बाभूळही नाही. आंब्याचं लाकूड मला आवडतं, बुरशीने त्यात उमटणाऱ्या काळ्या रेघा तर फारच, पण ते रीतसर परवानगीनेच आणायचं. काकांनी अर्ज करायचं कबूल केलं.

बाभळीचा विषय यातूनच निघाला. धुऱ्यावरची एक बाभूळ जेसीबीला वाट करताना परवाच पाडली होती. जाऊन पाहिली आणि ट्रॉलीतली जागा मनात मोजायला लागलो. 40 सेंटिमीटर व्यास, बुंधा दीड मीटर सरळ. बैलगाडीची चाकं, नांगर, वखर, सगळं वऱ्हाडात बाभळीचं होत आलं आहे ते उगाच नाही. बाहेरचं कच्चं लाकूड फिकट आणि आतलं पक्कं लाकूड तांबूस-तपकिरी, कातल्यावर गडद होत जाणारं.

लाकडाचे पैसे किती द्यायचे विचारलं तर काका रागावलेच. "पैशाचं काय घेऊन बसले! आमच्या काठवटीले चीर पडली, तेवढी एक करून द्या."

काकू आतून म्हणाल्या, "मोठी पाह्यजे बरं. पाच भाकरीचं पीठ मळता आलं पाह्यजे."

रात्री तिथेच मुक्काम. ओंडक्यांवर ओली बारदानं टाकली, वर ताडपत्री.

रविवार

सकाळ चढवण्यात गेली, आणि ट्रॉलीने लाकूड आणणाऱ्याने सगळ्यात जास्त लक्ष इथेच द्यायला हवं. आधी हिशोब. ताज्या ओल्या बाभळीचं वजन घनमीटरला टनाच्या आसपास धरावं. 40 सेंटिमीटर व्यास आणि दीड मीटर लांबी म्हणजे 0.19 घनमीटर, म्हणजे 190 किलो. संत्र्याचं 70 सेंटिमीटरचं एक खोड पस्तीस किलोच्या घरात. बाभूळ आणि आठ खोडं मिळून पावणेपाचशे. मर्यादेच्या आत, आणि एवढंच. आणखी चांगली खोडं पडलेली होती, भाच्याची फार इच्छा होती. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत, मागचं सगळं वजन जीपच्याच ब्रेकवर येतं. ती खोडं मेण लावून काकांच्या गोठ्यात सावलीला ठेवली.

190 किलोचा ओंडका दोघांनी उचलायचा नसतो. सव्वादोन मीटरच्या दोन जाड फळ्या ट्रॉलीच्या बाजूला तिरक्या लावल्या. दोन दोर पाट्याच्या पलीकडच्या कडेला बांधले, ओंडक्याच्या खालून घेऊन वरून परत पलीकडे आणले, आणि आम्ही पलीकडे उभं राहून ओढले. ओंडका दोरांच्या वेढ्यात स्वतःभोवती गरगरत वर येतो. उतारामुळे जोर वजनाच्या पाव हिश्शावर येतो, आणि दोराच्या वेढ्यामुळे त्याच्याही निम्म्यावर. म्हणजे चोवीस-पंचवीस किलोची ओढ, दोघांत वाटलेली. काका बघत होते, त्यांनी आमच्याकडून दोर घेतला आणि शेवटचा हात स्वतः ओढला. ओंडक्याच्या खालच्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही, हा नियम मात्र मी कुणासाठीही सैल करत नाही.

बाभूळ लांबीच्या दिशेने, चाकांच्या आसापासून थोडी पुढे. संत्र्याची खोडं तिच्या दोन्ही बाजूंना, जड बुंधे पुढे. मालाचं साठ टक्के वजन आसाच्या पुढे हवं. मागे भार जास्त झाला तर जोडणी वर उचलली जाते, ट्रॉली वेगात शेपटासारखी डोलायला लागते, आणि एकदा का डोल सुरू झाला की ब्रेक दाबून तो वाढतोच. पाय हळूच काढून घेणं एवढंच हातात राहतं. जोडणीवर किती भार येतो ते अंदाजावर सोडायचं नव्हतं. काकांकडे संत्री तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा होता. तो दांडीच्या खाली ठेवून ट्रॉली त्यावर टेकवली: 58 किलो. ट्रॉलीसकट एकूण पावणेसातशे, म्हणजे दहा टक्क्यांनाही कमी. दोन खोडं पुढे सरकवली, काटा 74 वर गेला. दहा ते पंधरा टक्क्यांमध्ये बसलं. पुढे-मागे लाकडी पाचरी ठोकल्या, चार पट्टे आडवे ताणले, मागे लाल फडकं आणि चमकणारी पट्टी.

निघताना काकांनी सातबाराची प्रत आणि लाकूड आपल्या शेतातलं असल्याचं सहीचं पत्र दिलं. त्याचा उपयोग झालाच. वाटेत वनखात्याच्या माणसांनी गाडी थांबवली, कागद वाचले, सालीवरून लाकूड ओळखलं आणि जाऊ दिलं. त्यातल्या एकाने संत्र्याच्या लाकडाचं काय करता हे फार आपुलकीने विचारलं, मी फोनमधले फोटो दाखवले.

पहिल्या पंधरा किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा ताणले. धक्क्यांनी साल दबते, ओंडके एकमेकांत बसतात आणि घट्ट वाटणारे पट्टे ढिले पडतात. तीन पट्टे दोन-दोन दात आत गेले, फक्त मागचा होता तसा होता. चाकाच्या मध्यावर हात ठेवून पाहिला, कोमट होतं. हात ठेववत नसेल इतकं तापलं तर बेअरिंग जातंय असं समजावं. वेग पन्नासच्या वर नेला नाही, समोरच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर. दुपारचं जेवण टाळून तीनच्या आत घरी.

सोमवार

सुट्टी काढली होती, कारण आणलेलं लाकूड तसंच पडू देणं म्हणजे आणलंच नाही. मार्चमध्ये नागपूरची हवा कोरडी होत जाते आणि मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. त्या हवेत मेण लावलेला ओंडकाही अख्खा टिकत नाही, मधला गाभा काढावाच लागतो. लाकूड सुकताना सर्व दिशांनी सारखं आकसत नाही. वर्तुळाकार वाढवलयांच्या दिशेने ते आतून बाहेरच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आकसतं. गोल ओंडक्याला हा फरक सोसायला जागाच नसते, म्हणून तो चिरतो. गाभ्यातून उभे दोन भाग केले की प्रत्येक अर्ध्याला वाकायला मोकळीक मिळते.

संत्र्याची सगळी खोडं अशी उभी चिरली, मधलं दोन सेंटिमीटर काढून टाकलं. डिंक्या झालेल्या खोडांत सालीखाली तपकिरी डाग आत शिरले होते. काही जागी लाकूड मऊ होतं, ते कापून टाकलं. काही जागी डाग होता पण लाकूड टणक, तिथे पिवळ्यावर तपकिरी ढग उमटले आहेत. ते मी मुद्दाम ठेवले.

जोडाचा पहिला तुकडा लेथवर चढवला तेव्हा पटाशीखालून ओल्या लांबच लांब ढलप्या निघत होत्या आणि खोलीभर संत्र्याच्या सालीचा नव्हे, पानांचा वाटावा असा कडवट हिरवा वास होता. 20 सेंटिमीटरची वाटी, भिंत दोन सेंटिमीटर जाड ठेवली, व्यासाचा दहावा हिस्सा. सुकताना ती लंबगोल होणार आणि दुसऱ्या वेळी कातून गोल करायला तेवढं लाकूड शिल्लक हवं. तळाला पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहिलं: 985 ग्रॅम. कागदी पिशवीत तिच्याच ढलप्यांसकट ठेवली. दर पंधरवड्याला तोलायची, वजन उतरायचं थांबलं की सुकली. काही लोक उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत ठेवतात, मला ते पटत नाही. दिवसा दमट, रात्री कूलर बंद झाला की कोरडं, अशा हेलकाव्यात लाकूड चिरतं आणि बुरशीही धरतं. खालच्या मजल्यावरची, उत्तरेकडची, बंद खोली बरी.

रात्रीपर्यंत निम्मे तुकडे कातून झाले. उरलेल्यांना दुसरा थर मेणाचा.

बाभळीची साल त्याच संध्याकाळी सोलली, सालीखालच्या कच्च्या लाकडात भुंगे लवकर शिरतात. काठवटीसाठी बुंध्याकडचा अर्धा भाग निवडला. गाभा सोडून 35 सेंटिमीटर रुंदी मिळते, तळ जाड ठेवावा लागेल कारण पीठ मळताना जोर तळावर येतो. उरलेला ओंडका पूर्ण लांबीतच मेण लावून ठेवला. काठवट चार सेंटिमीटर जाडीची कातून ठेवीन, पावसाळ्यात ती सावकाश सुकेल, आणि दुसऱ्यांदा कातून तीळतेल पाजून दिवाळीत तयार होईल. काकूंना फोनवर तसं सांगितलं. त्यांनी दुसरंच विचारलं: गोठ्यातली खोडं कधी नेता, गाय बांधायले जागा पाह्यजे. येत्या रविवारी ट्रॉली पुन्हा काटोलला जाईल.